गोदीची घोंगडी

“ए पोरी, कळशी आन इकडं.”

कासानं कळशी उचलली, चुलीजवळ नेऊन ठेवली आणि परत जाळीपाशी येऊन बसली. म्हाळसाबाईनं पाणी ओतून घेतलं. तिनं वर पाहिलं नाही, कासानंही पाहिलं नाही. मग म्हाळसाबाई मेंढरांच्या जाळीकडं वळली आणि एकदम दुसऱ्याच, लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, “ये गं माझे चांदे. ये पाखरे. हरणे, तू कामून मागं ऱ्हायलीस?” ज्यांची नावं घेतली त्या मेंढ्या एकेक करून तिच्याकडं गेल्या.

“समद्यांला नावं हाईत,” कासाच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं. “तुलाच तेवढं न्हाई व्हय?”

कासानं वळून पाहिलं. मागं माणूस नव्हतं. जाळीच्या आत एक म्हातारी मेंढी पाय मुडपून बसली होती आणि जबडा आडवा हलवत रवंथ करत होती. जन्मापासून तिचे कान आखूड होते, म्हणून तिला बुच्ची म्हणत.

“बगायलीस काय? मीच बोलले.”

आता मेंढी बोलली म्हटल्यावर काही शहाणी माणसं इथंच पान उलटतील. खुशाल उलटा. ज्यांनी मेंढरांमागं एकट्यानं अख्खी दुपार काढलेली नाही, त्यांनी मेंढरं बोलतात की नाही यावर वाद घालू नये. कासा नऊ वर्षांची होती, एकटी होती आणि तिला स्वच्छ ऐकू आलं. आपल्याला तेवढं पुरे.

“मला नाव हाय,” ती म्हणाली. “कासा.”

“मंग तुझी आई ते घेईना कामून?”

“ती माझी आई न्हाई. म्हंजे हाय. पण आई पूर्णेला हाय.”

बुच्चीचा जबडा थांबला. “दोन दोन? आमच्यात असं नसतंय बाई. नीट सांग.”

कासाला नीट सांगता आलं नाही. मोठ्या माणसांनी केलेला गुंता लहान पोरानं कसा सांगायचा? तेव्हा तो आपणच सोडवून घेऊ.

कासा रांगायची सुटून पळायला लागली तेव्हा तिच्या पाठीवर गोदी झाली. म्हाळसाबाईचं बिऱ्हाड फिरतं. दिवाळी झाली की गाव सोडायचं, सेलूच्या अंगाला, देवगाव फाट्याच्या पुढं-मागं, ज्याचं वावर रिकामं झालं असेल त्याच्या वावरात मेंढरं बसवायची. मेंढरांची लेंडी शेताला खत होते, शेतकरी धान्य देतो, आणि चार दिवसांनी पुढचं वावर. एक लेकरू पाठीला बांधलेलं, एक बोटाला, पुढं मेंढरं, मागं तट्टावर संसार. म्हाळसाबाई वाळून काटकी झाली. तिची थोरली बहीण धुरपता पूर्णेला होती. तिचा नवरा रेल्वेच्या शेडात खलाशी, पक्कं घर, पगार महिन्याच्या महिन्याला, आणि लेकरू नाही. म्हाळसाबाईनं कासाला उचलून बहिणीच्या ओटीत घातलं. दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या आणि मनातून दोघींना बरंही वाटलं.

कासा धुरपताला आई म्हणायला लागली. वर्षाकाठी एकदा भेटायला येणाऱ्या, अंगाला मेंढरांचा वास येणाऱ्या बाईला ती मावशी म्हणायची. सगळे हसायचे. म्हाळसाबाईही हसायची, पण मग लवकर उठायची, गाडीची वेळ झाली म्हणून.

मग अठ्ठ्याहत्तरचा आषाढ आला. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. माणसं माणसांची घरं जाळत होती, दलितांच्या वस्त्यांतली लेकरंबाळं शिवारात लपून बसत होती, एसट्या बंद होत्या. त्याच दिवसांत गोदीला ताप भरला. दवाखाना परभणीला, आणि परभणी कधी नव्हे इतकी लांब गेली. गोदी वाचली नाही. पूर्णेला निरोप पोचला तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

धुरपता भेटायला आली ती बहिणीचं घर बघून हबकलीच. म्हाळसाबाई रडत नव्हती, बोलत नव्हती, नुसती सूत कातत होती. धुरपताला ते सोसवलं नाही. दिवाळी झाल्यावर तिनं कासाला नवं परकर-पोलकं शिवलं, खोबरेल लावून केस विंचरले, दोन वेण्या घातल्या आणि स्वतः आणून सोडली. “तुझी तुला,” ती म्हणाली. “पोर रुळंस्तवर मी यायची न्हाई. आले तर रडंल.” आणि मागं न बघता गेली. कासाला कुणी विचारलं नाही. मोठी माणसं एकमेकांवर माया करायला लागली की लेकरांना विचारायचं राहून जातं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. कासा म्हणाली, “मावशी, पानी दे.” म्हाळसाबाईनं पाणी दिलं, पण तिचं तोंड असं उतरलं की कासा पाणी प्यायचं विसरली. पुन्हा मावशी म्हणायची सोय उरली नाही. आई म्हणावं तर आई पूर्णेला होती, दारात उभी राहून वाट बघत असणार, तिचा शब्द दुसरीला कसा द्यायचा? कासानं मग हाक मारणंच सोडलं. म्हाळसाबाईही तिला ‘ए पोरी’ म्हणायला लागली. एका चुलीवरची भाकरी खाऊन दोघी दिवसच्या दिवस अशा काढत होत्या, फाट्यावर वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघणाऱ्या दोन बायांसारख्या.

कासाला पूर्णेला जायचं होतं. आणि या बाईनं एकदा, एकदाच, चांदीला घेते तसं आपल्याला जवळ घ्यावं, असंही तिला फार वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटतं असं विचारू नका. वाटतं.

बुच्चीला बोलायला माणूस मिळालं आणि ती सुटलीच. तिच्यामुळं कासाला बाकीच्यांचंही कळायला लागलं. शेळ्या फार बोलत आणि सगळं दुसऱ्यांबद्दल. मेंढा फक्त स्वतःबद्दल बोले. तट्टू बहिरं होतं, त्यामुळं त्याचं सगळ्यांशी पटत असे.

“पूर्णेला निरोप धाडायचा हाय का?” बुच्चीनं एक दिवस विचारलं.

“कसा धाडणार?”

“कसा म्हंजे? मी वरडते. पलीकडच्या शिवारातला कळप ऐकतो, तो वरडतो. पोखर्णीच्या देवळाम्होरं एक कळप बसलाय, तिथून म्होरं जायला काय लागतंय? तुमी म्हणता मेंढरं खामखा वरडतात. खामखा कोन वरडंल? टपाल हाय ते.”

कासानं निरोप सांगितला. आई, तू काय करायलीस? मला न्यायला येणार हाईस का? बुच्चीनं मान वर करून जी हाळी दिली ती ऐकून आजा येडबा म्हणाला, “हिच्या पोटात दुखायलंय काय की.” शिवाराच्या टोकाकडून कुठूनतरी उत्तर आलं, मग त्याच्याही पलीकडून बारीक, आणि मग ऐकू येईनासं झालं.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. पूर्णेत धुरपताच्या शेजाऱ्याची शेळी होती, तिच्याकडून ते निघालं होतं. बुच्चीनं ते तोंडातला पाला गिळून सांगितलं. “धुरपता सांजच्याला दारात बसती. हातात फणी असती. इंचरायला केस नसत्यात.”

“आन् मला न्यायला?”

“शेळीनं इचारलं की. धुरपीला शेळीची बोली येत न्हाई, त्याला शेळी काय करंल?”

कासा जाळीला कपाळ टेकून खूप वेळ बसली. बुच्चीनं तिच्या परकराचा काठ चघळून बघितला. समजूत घालायची तिची तीच रीत होती.

म्हाळसाबाईही बुच्चीशी बोलायची. दुपारी मेंढरं सावलीला बसली की ती बुच्चीचे खूर बघायला येई, चिखल कोरून काढी आणि हलक्या आवाजात बोलत राही. मेंढी बोलते हे तिला माहीत नव्हतं. मेंढी ऐकते हे तिला माहीत होतं. बाईमाणसाला बहुतेक वेळा तेवढंच लागतं.

“काय म्हणती ती?” कासा विचारी.

“चहाडी शेळीचं काम हाय. आमचं न्हाई.”

“सांग की गं बुच्चे.”

“लय बेजार करतीस तू.” बुच्ची इकडं तिकडं बघे. “ती म्हणती, पोर माझी पन मला वळखू येईना. जवळ घ्यावं म्हणलं तर आंग चोरती. तिच्या केसाला धुरपीच्या घरचा वास येतोय. ते खोबरेल धुवून काढावं वाटतं, आन् धुवून काढलं तर धुरपीचं काय ऱ्हाईल पोरीजवळ, असं बी वाटतं. असलं काय काय. मला तर काय उमगत न्हाई. वासाचं तेवढं उमगलं.”

वासाचं उमगलं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

मेंढ्या वीत होत्या त्या दिवसांत. पाखरी वेताला अडली आणि मेली, कोकरू मात्र जगलं. त्याच सकाळी हरणीचं कोकरू मेलेलं निघालं. एकीकडं आईवेगळं पोर बें-बें करत लटपटतंय, दुसरीकडं पोरावेगळ्या आईची कास टम्म फुगलेली. कुणालाही वाटेल, सोपं आहे, लावा त्याला हिच्या आचळाला. लावून बघा. हरणीनं त्या कोकराचा एकदा वास घेतला आणि अशी ढुशी दिली की ते कोलमडून जाळीत गेलं.

येडबानं घाई केली नाही. तो खाली बसला, हरणीच्या मेलेल्या कोकराचं कातडं त्यानं अलगद सोडवलं, त्याला पायांसाठी भोकं पाडली आणि ते पाखरीच्या कोकराला अंगरख्यासारखं घातलं, पोटाखाली सुतळीनं बांधलं. जिवंत कोकरू मेलेल्याच्या कातड्यात उभं राहिलं. ओंगळ दिसत होतं. कासानं डोळ्यांवर हात घेतले आणि बोटांतून बघितलं.

हरणी आली. तिनं नाक लावलं, शेपटाकडं, पाठीवर, पुन्हा शेपटाकडं. मग घशातल्या घशात, फक्त आपल्याच पोराशी मेंढी जसं घुमते तशी ती घुमली. कोकरू आचळाला लागलं आणि त्याचं शेपूट हलायला लागलं.

“घेतलं,” येडबा म्हणाला. “चार दिस ऱ्हाऊ दे. हिचं दूध त्याच्या पोटातून फिरलं की त्याचा वास हिचाच हुतोय. मंग कातडं काढून टाकायचं.”

म्हाळसाबाई तिथंच उभी होती. ती चुलीकडं गेली.

“बगितलंस?” बुच्ची कासाला म्हणाली. तिचे आखूड कान ताठ झाले होते. “किती सोपं हाय. तुझ्या आईला गोदीचा वास पायजे. तू गोदीचं कातडं घाल.”

“शी. काय बी बोलतीस.”

“शी काय त्यात? तुमची कातडी कापडाचीच असत्यात की. रोज बदलता. गोदीची घोंगडी हाय त्या गाठोड्यात, तट्टावरच्या. धुतली न्हाई अजून. मला हितून वास येतोय.”

कासानं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. पण हरणीच्या पायांत ते कोकरू दिवसभर उड्या मारत होतं, हरणी त्याला चाटून चाटून ओलं करत होती, आणि कासा ते बघत होती. मेंढीला दिलेली अक्कल माणसाला चालत नाही हे तिला कोण सांगणार? मेंढीशिवाय तिच्याशी बोलत होतं कोण?

येडबा आणि बाप बिरू सेलूच्या बाजाराला गेले आणि मेंढरं वळायचं काम कासावर आलं, त्या दिवशी तिनं गाठोडं सोडलं. घोंगडी लहान होती, काळ्या कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. सूत म्हाळसाबाईनं स्वतः कातलेलं. कासा गोदीला फारशी ओळखत नव्हती. एकदा पूर्णेला आली असताना गोदीनं तिची बाहुली पळवली होती आणि दोघी भांडल्या होत्या, एवढंच. आता घोंगडीत तोंड घातल्यावर तिला धुराचा, लोकरीचा आणि आणखी कसला तरी, झोपून उठलेल्या लेकराचा वास आला. तिनं घोंगडीची खोळ केली, डोक्यावरून पांघरली, वेण्या आत खोचल्या आणि जवळच चरणाऱ्या मेंढरांत जाऊन मिसळली.

दिवस कलला. कळप मुक्कामाकडं वळला. धुळीत मेंढरांच्या मधोमध ती काळी खोळ चालली होती, शेजारी बुच्ची.

“खाली बगून चाल,” बुच्ची सांगत होती. “तोंड दिसू देऊ नको. आन् घामाची फिकीर करू नको, घाम चांगला.”

“मला भ्या वाटायलंय.”

“कोकराला बी वाटलं हुतं. पन पाय तर टाकलंच की त्यानं.”

म्हाळसाबाई तीन दगडांच्या चुलीपुढं भाकरी थापत होती. मेंढरांची चाहूल लागली तशी तिनं मान वर केली. हातातली भाकरी तशीच हातात राहिली. मग ती उभी राहिली. कासाला खोळीच्या आतून तिचे पायच दिसले, आणि ते पाय हलत नव्हते.

“गोदे,” म्हाळसाबाईनं हाक मारली.

मेंढरं चालत राहिली. कासा थांबली.

“गोदेऽ, ए गोदे.”

“ओ दे,” बुच्ची कुजबुजली. “ओ दे लवकर.”

कासानं दिली. “ओ.”

म्हाळसाबाई आली. पळत नाही, चालत आली, आणि धुळीतच गुडघ्यांवर बसून तिनं घोंगडीसकट कासाला पोटाशी ओढलं. पिठाचे हात पाठीवर, तोंड खोळीत. कासाला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं. धुरपताची माया मऊ होती, फणीची, खोबरेलाची. ही वेगळी होती, हाडांना लागणारी. असंच राहावं, कुणी काही बोलू नये, चुलीवरची भाकरी करपली तर करपू दे, असं कासाला वाटलं. तिनं श्वाससुद्धा हळू घेतला.

“किती वाट बगितली गं,” म्हाळसाबाई खोळीत बोलत होती. “फाट्यावर बसले तुला घेऊन. आत्ता यील म्हणलं एसटी, आत्ता यील. एक बी न्हाई आली गं बाई. ट्रकवाल्याला हात केला, त्यो बी थांबला न्हाई. तू म्हणायलीस, आई घरी चल. मी म्हणायले, दम धर जरा. घरी तरी आनायची हुती तुला. घरी बी न्हाई आनली.”

कासानं ऐकलं. हे तिच्याशी नव्हतं. हे बोलणं ज्या पोरीचं होतं तिनं ते ऐकायला हवं होतं आणि ती तर नव्हती. आपण इथं चोरून बसलोय, दुसरीच्या ओटीत, असं कासाला वाटलं. आणि राग आला. गोदीचा नाही, या बाईचाही नाही, कुणाचा ते तिला कळलं नाही. त्या मिठीतून निघायचं नव्हतं तिला. तरी तिनं डोक्यावरची खोळ मागं ढकलली.

“मी गोदी न्हाई,” ती म्हणाली. “मी कासा हाय.”

आता मार बसणार म्हणून तिनं डोळे मिटले. मार बसला नाही.

“म्हाईत हाय,” म्हाळसाबाई म्हणाली.

कासानं डोळे उघडले.

“लांबूनच वळखलं तुला. काटं बगत बगत चालतीस तू, बगळ्यावानी. गोदी कुठं बगायची? ती पळायची नुसती.”

“मंग गोदी कामून म्हणलीस?”

म्हाळसाबाईनं पदरानं नाक पुसलं. ती मागं सरून धुळीतच मांडी घालून बसली. “म्हणून बगितलं. किती दिस झालं, ते नाव तोंडातून निगालं न्हाई. हाक मारावी तर ओ कोन देनार? म्हणलं, एकदा मारावी. तू खोळ घालून आलीस, म्हणलं, दील ही. तू दिलीस. लय बरं वाटलं.”

कासा उभी होती. घोंगडी तिच्या खांद्यांवरून घसरून पायांत पडली होती. बुच्ची शेजारी उभी राहून या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. “डोळ्यांनी वळखत्यात,” ती स्वतःशीच पुटपुटली. “नाकं कशाला दिलीत ह्यांला?” आणि तिनं घोंगडीचा वास घेतला.

“तुला राग आला का माझा?” कासानं विचारलं.

“न्हाई.”

“मला आला हुता.”

“येनारच की.” म्हाळसाबाईनं हात पुढं करून घोंगडी उचलली, झटकली, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. घडीवर ती हात फिरवत राहिली. चुलीवरून करपल्याचा वास आला. दोघींनीही तिकडं बघितलं, उठलं कुणीच नाही.

“तुला बी कुनाला हाक मारावी वाटत आसंल,” म्हाळसाबाई म्हणाली.

कासानं होकाराची मान हलवली.

“आईला?”

हो म्हणावं तर पुन्हा हिचं तोंड उतरणार, आणि नाही म्हणावं तर पूर्णेच्या दारात फणी घेऊन बसलेलीला काय वाटेल?

“मार की,” म्हाळसाबाई म्हणाली. “भिऊ नको, कासे. पूर्णा तिकडं हाय, उगवतीकडं. त्या लिंबाच्या आंगानं तोंड कर आन् मार. मन भरून मार.”

कासानं लिंबाकडं तोंड केलं. उन्हं गेली होती, आभाळ अजून उजेडाचं होतं. वावरापलीकडं वावर, त्याच्या पलीकडं तुरीची काळी रेघ. कुठंतरी तिथून पुढं परभणी, तिथून पुढं पूर्णा, इंजिनांच्या शिट्ट्या, दार, दारात बसलेली. तिनं ओंजळ तोंडाभोवती धरली.

“आईऽऽ.”

जाळीतल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. शेळ्या एरवी मध्ये तोंड घातल्याशिवाय राहत नाहीत, त्याही गप्प होत्या. हाक वावरावरून गेली, लिंबापर्यंत गेली. पुढं काय झालं ते कळलं नाही. उत्तर आलं नाही.

कासानं पुन्हा मारली. या वेळी मध्येच तिचा आवाज फाटला. “आईऽ, ए आईऽऽ.”

“ओ,” तिच्या मागून कुणीतरी म्हणालं.

आवाज हळू होता. देऊ की नको, असा. बुच्चीचा नव्हता. कासानं वळून बघितलं नाही. वळलं असतं तर दोघींनाही लाज वाटली असती. ती लिंबाकडं तोंड करूनच उभी राहिली. डोळ्यांचं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत येऊ दिलं, पुसलं नाही. मागं म्हाळसाबाईच्या बांगड्या वाजल्या आणि मग त्याही वाजायच्या थांबल्या.

तिनं तिसऱ्यांदा हाक मारली. ती फार मोठ्यानं नव्हती. पूर्णेपर्यंत काही ती गेली नसती.